चेहऱ्याविना पोस्टर

संपादक महोदय,

पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीतल्या जुन्या नाट्यपोस्टरांचं कौतुक करताना सेन्सॉरला चकवल्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती अर्धीच. नाट्यगृहं सरकारी होती, तिकीटविक्रीची धास्ती कमी. त्यामुळे नटाचा चेहरा छापायची सक्ती नव्हती. पोस्टरकार यान लेनित्सा यांचं ‘वोत्सेक’ ऑपेराचं पोस्टर (१९६४) पाहा: लाल वलयांतून उमटलेलं वासलेलं तोंड, बस्स! १९६६च्या पहिल्या वॉर्सा पोस्टर बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात) त्याला सुवर्णपदक मिळालं. दुसरे पोस्टरकार हेन्रिक टोमाशेव्स्की अक्षरंही हातानंच रेखाटत, शिवाय वॉर्साच्या कला अकादमीत शिकवत. त्याच परंपरेतल्या फ्रान्चिशेक स्टारोवेय्स्कींच्या पोस्टरांवरच्या कवट्या आणि मांसल देह मात्र मी घरात लावणार नाही. वॉर्सातल्या विलानूफच्या पोस्टर संग्रहालयात ते शोभतात.

– एक नाट्यरसिक, पुणे