आधी धरायचं, मग सोडायचं

चिमणे,

लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, लॉकसाठीचा तुझा पॅच (कोडमधला बदल) काल रात्री दोनदा वाचला. रिव्ह्यू करणाऱ्याने नुसतं ‘क्रम चुकला आहे’ एवढंच लिहून तो परत पाठवला, म्हणून तू चिडली आहेस हे फोनवर कळलंच. त्याचं म्हणणं बरोबर आहे, सांगायची रीत नाही. दोन वाक्यं जास्त लिहिली असती तर काय बिघडलं असतं? असो. ती दोन वाक्यं मी लिहिते. माझ्या हातून दोनाची किती होतात ते तुला ठाऊकच आहे.

झोपणाऱ्या टास्कची, म्हणजे एखादी अट पुरी होईपर्यंत थांबून राहणाऱ्या कामाची, बाजू तू छान लिहिली आहेस. आधी स्वतःची स्टेट ‘झोपलेली’ करायची, मग अट तपासायची, आणि अट पुरी झाली नसेल तरच शेड्यूल (प्रोसेसर दुसऱ्या टास्कच्या हाती देणारं फंक्शन) बोलवायचं. नवीन माणूस हमखास उलटं लिहितो: आधी अट बघतो, मग झोपायला जातो. त्या दोहोंच्या मधल्या फटीत दुसऱ्या सीपीयूवरून वेक-अप (उठवणारी हाक) आला, तर त्याला हे टास्क जागंच दिसतं. जाग्याला काय उठवायचं, म्हणून तो निघून जातो. मग हे शांतपणे झोपतं आणि पुन्हा कुणी येतच नाही. स्टेट आधी बदललेली असली की तोच वेक-अप ती परत ‘चालू’ करून ठेवतो, आणि शेड्यूलमध्ये गेलेलं टास्क चालायला तयार असलेल्यांच्या रांगेतून काढलं न जाता परत येतं.

इथे मी स्वतः एकदा सपशेल आपटले आहे. ड्रायव्हर माझा, क्रमही बरोबर. पण स्टेट बदलणाऱ्या फंक्शनची दोन रूपं असतात ना, त्यातलं दोन अंडरस्कोअरवालं मी वापरलं होतं. त्यात मेमरी बॅरियर, म्हणजे आधीचं लिहिणं-वाचणं उरकल्याशिवाय पुढचं होऊ न देणारा अडसर, नसतो. कागदावर आधी लिहिणं, मग वाचणं. पण प्रोसेसर ते लिहिणं आपल्या स्टोअर बफरमध्ये (मेमरीत जाईपर्यंत लिहिणं थांबतं त्या जागेत) ठेवून पुढचं वाचन आधी उरकून घेतो. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची जात) फार शिस्तीचा म्हणतात, पण एवढी एक सूट तोही घेतो. दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन अडकायचं. शोधायला प्रिंट घातला की अडकायचंच नाही, कारण प्रिंटमुळे वेळच बदलायची. दोन अंडरस्कोअरांनी माझे तीन आठवडे खाल्ले.

उठल्यावर अट पुन्हा तपासणारा लूप तू ठेवला आहेस, तो तसाच राहू दे. लॅम्पसन आणि रेडेल यांनी मेसा या प्रोग्रामिंग भाषेच्या अनुभवावर 1980 साली लिहिलं तेव्हापासून हे चालत आलं आहे: वेक-अप म्हणजे ‘बघ बरं, कदाचित झालं असेल’ एवढीच सूचना.

आता उठवणाऱ्याची बाजू. तुझी चूक इथे आहे, आणि ती दिसत नाही हेच तिचं दुखणं.

लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात असतानाच टास्क उठवलं तर ते उठल्या उठल्या त्याच लॉकवर येऊन आदळतं. म्हणून लिनक्समध्ये 2015 साली, 4.2 मध्ये, वेक-क्यू आला. लॉक धरून असताना कुणाकुणाला उठवायचं ते फक्त यादीत टाकायचं, लॉक सोडायचं, मग सगळ्यांना उठवायचं. तू तेच केलंस: आधी टास्क यादीत टाकलंस, मग त्याच्या वेटरमधला (वाट बघणाऱ्याच्या नोंदीतला) टास्क-पॉइंटर, म्हणजे टास्कचा मेमरीतला पत्ता, नल (रिकामा) केलास. झोपणारा हाच पॉइंटर बघत असतो, नल म्हणजे ‘तुझं झालं, जा’. प्रत्यक्ष उठवणं पुढे, लॉक सोडल्यावर, तेव्हा त्याआधी नल झालाच असेल, असा तुझा हिशेब. माझाही तोच झाला असता.

पण टास्कमध्ये वेक-क्यूची कडी एकच असते. ते आधीच दुसऱ्या कुणाच्या यादीत असेल, तर तुझं ‘यादीत टाक’ काहीही न करता परत येतं: तो दुसरा उठवेलच, म्हणून. आता हा दुसरा कोण? समज, मागच्या एका कामात कुणीतरी याला यादीत घातलं, पण त्याने उठवण्याआधीच हे टास्क दुसऱ्या कारणाने जागं झालं, पुढे गेलं आणि तुझ्या लॉकवर येऊन झोपलं. तो मागचा निरोप अजून वाटेतच आहे. तू यादीत टाकायला गेलीस, जागा भरलेली. नेमक्या त्या क्षणी तो निरोप पोचला. टास्क उठलं, पॉइंटर बघितला, अजून नल नाही, परत झोपलं. त्यानंतर तू नल केलास. आता उठवणारं कुणी उरलंच नाही. 120 सेकंदांनी लॉगमध्ये ‘टास्क अडकलं आहे’ अशी ओळ उमटेल, आणि त्यात तुझं नाव कुठेच नसेल.

मग आधी नल करू, नंतर यादीत टाकू, असं म्हणशील. तेही नुसतं चालत नाही! वेटर असतो झोपणाऱ्याच्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपलं की मोकळ्या होणाऱ्या मेमरीत. नल दिसला की ते टास्क कुणी उठवायची वाट न बघता फंक्शनमधून बाहेर पडू शकतं. वेटरची जागा गेली. ते पुढे जाऊन संपूही शकतं. मग टास्कची मेमरीही गेली. आणि तू हातातला जुना पॉइंटर घेऊन त्याला यादीत टाकायला निघालीस.

म्हणून टास्कचा पॉइंटर आधी स्वतःकडे काढून घे आणि त्याचा रेफरन्स (‘हे अजून वापरात आहे, पुसू नका’ अशी नोंद) धर. मग रिलीज-स्टोअरने (आधीचं सगळं उरकल्यावरच इतरांना दिसणाऱ्या लिहिण्याने) नल कर. त्यानंतर वेटरला हात लावायचा नाही. मग यादीत टाक. यादी स्वतःचा वेगळा रेफरन्स घेते, पण टाकणं जमलं तरच. म्हणून टाकणं जमो वा न जमो, शेवटी तुझा तू सोडायचास. ही घे-सोड दोनदा नको असेल तर यादीत टाकण्याचं ‘सेफ’ रूप वापर: त्याला तुझाच रेफरन्स द्यायचा, टास्क यादीत गेलं तर तो यादीचा होतो, नाही गेलं तर तेच सोडून देतं. कर्नलच्या रीड-राइट सेमाफोरमध्ये (वाचणारे अनेक पण लिहिणारा एकच आत सोडणाऱ्या लॉकमध्ये) हुबेहूब तुझीच चूक होती, ती 2019 च्या सुरुवातीला निस्तरली आणि हे रूपही त्याच सुमारास आलं. लॉकिंगवर हयात घालवलेल्यांची नजर चुकली तिथे तुझी चुकली, तर जेवण सोडून बसायचं कारण नाही.

तीन ओळींवर तीन शेरे लिही, क्रम असाच का ते. नाहीतर वर्षभराने कुणीतरी टापटीप म्हणून त्या ओळी पुन्हा वरखाली करेल. ती तूच असशील.

आणि पाठवण्याआधी एक कर. जुन्या पॅचमध्ये यादीत टाकणं आणि नल करणं यांच्या मध्ये मुद्दाम काही मिलिसेकंदांचा डिले घाल, आणि दुसरा उठवणारा तयार करून त्याच्याही उठवण्याआधी तसाच घाल. नुसत्या टेस्टमध्ये हजार वेळा न दिसलेलं हँग बहुतेक तासाभरात दिसेल. दिसलं की लॉग मला पाठव, मलाही बघायचा आहे.

तुझी,
आई