माइक इतक्यात मिळणार नाही

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जास्तच बोललो. तू मधेच फोन ठेवलास ते बरं केलंस, नाहीतर आणखी बोललो असतो. तुझी आई दोन दिवसांपासून टोमणे मारते, 'पोरीनं बापाचाच छंद उचलला त बापालेच राग काऊन येते?' तिला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुलाच लिहितो.

मैत्रिणीच्या त्या हातातल्या वायरलेस सेटचं बटण दाबून तू 'हॅलो, टेस्ट' म्हणालीस. एवढंच. ना परीक्षा, ना लायसन्स. पण हेच एकदा मीही केलं होतं, आणि ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

तू तेव्हा अंगणवाडीत जायचीस. नागपूरला परीक्षा देऊन झाली होती, लायसन्सची वाट होती, आणि मला काही धीर निघेना. तसलाच एक सेट आणला. संध्याकाळी वावरात धुऱ्यावर उभा राहून आकडे दाबत बसायचो. त्या सेटवर 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा आपला, म्हणजे हॅम लोकांचा (लायसन्स काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांचा) पट्टा हे परीक्षेत लिहून आलो होतो, पण तिथे चिटपाखरू नाही. या लहरी सरळ जातात, टेकडी आडवी आली की खेळ खलास, आणि आपल्या पंचक्रोशीत दुसरा हॅम नव्हता. मग सरकत सरकत पट्ट्याच्या बाहेर गेलो. एका जागी खरखर थांबली. बटण दाबून म्हणालो, 'कोणी ऐकून राहिलं का?' लगेच करडा आवाज आला, 'कोण आहे चॅनलवर?'

कोणत्या खात्याचा होता देव जाणे. मी बॅटरी काढून एका खिशात घातली, सेट दुसऱ्या खिशात, आणि अंधार पडेपर्यंत तुरीत बसून राहिलो. हे स्वस्तातले सेट सगळीकडे बोलतात गं, तिथेच घात आहे. त्यांना पट्टा कळत नाही, तो आपल्यालाच ठाऊक असावा लागतो. तिकडे कोणाची रुग्णवाहिका, कोणाचा बंदोबस्त चालू असेल, आणि मधे आपलं 'टेस्ट'.

पुढे दोन महिन्यांनी दारात पोलिस उभा. माझे पाय लटपटले. तुझ्या आईनं चहा ठेवला, आणि मी मनात जबाब जुळवत बसलो. तो बिचारा लायसन्सच्या पडताळणीला आला होता. 'गावात वायरलेस कशाले पाहिजे? जंगल जवळ आहे, बोलणार कोणाशी?' हा त्याचा प्रश्न, आणि खरं सांगतो, त्याचं चूक नव्हतं. आयनोस्फिअर, म्हणजे वर आकाशात लहरी परतवून दूर धाडणारे थर, समजावून सांगितलं तर त्यानं मान डोलावली आणि विचारलं, 'मग मोबाइल काऊन नाही चालत?' तेवढ्यात त्याला दिसलं की टीसीवर माझ्या वडिलांचं नाव एक आणि रेशन कार्डावर दुसरं. ते प्रतिज्ञापत्रानं जुळवण्यात आणि बाकी कागदांत अकरा महिने गेले. तुझी कागदं आधीच लावून ठेव म्हणतो ते त्यासाठी.

त्या अकरा महिन्यांत मी बोललो नाही, पण ऐकलं भरपूर. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स नावाचा घरी बांधायच्या रेडिओ सेटचा आराखडा आहे, साध्या ट्रान्झिस्टरांचा, नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायची, असा. त्याचा ऐकण्यापुरता अर्धा भाग बांधला, 7 मेगाहर्ट्झसाठी. अँटेना म्हणजे जुन्या मोटारपंपाची वायर. 468 ला 7.1 नं भागलं की 66 फूट येतात, मधोमध कापून 33-33 फुटांचे दोन हात, एक टोक निंबाला, दुसरं गोठ्याच्या आढ्याला. दिवसा जवळचे आवाज यायचे, हैदराबाद, भोपाळ. सूर्य बुडाला की आयनोस्फिअरचा खालचा, लहरी गिळणारा थर विरून जातो, आणि मग रशियन काय, अरब काय, सगळेच घरात. कोण कधी बोलतो, कधी थांबतो, दुसऱ्याचं बोलणं चालू असताना गप्प कसं बसतात, हे तेव्हा कळलं. उरलेला अर्धा भाग लायसन्स हातात आल्यावरच जोडला. ताकद सात वॅट. शून्याचा बल्ब म्हण ना.

तुझ्यासाठी आता सोपं आहे. बारा वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर. पेपरचे दोन भाग, रेडिओचं शास्त्र आणि नियम. शास्त्रात तू मलाच शिकवशील. नियम मात्र वरवर वाचू नकोस. हवेत धंद्याचं बोलायचं नाही, म्हणजे कापसाचा भाव विचारला तरी चूक. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्स, म्हणजे आखूड-लांब आवाजांची लिपी, लागत नाही, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं सरकारी नाव, व्हीयू3 नं सुरू होतं. वरच्या जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांचं मोर्स हवं, ते व्हीयू2. मी व्हीयू3 च राहिलो, माझ्या कानाला आखूड डिट आणि लांब डा यांत फरकच कळेना. तू जनरल दे. लायसन्स 20 वर्षांचं किंवा आजीवन मिळतं, आजीवनच घे.

भारती प्रसाद यांचं नाव ऐकलंस का? डिसेंबर 2004 मध्ये त्या अंदमानात पोर्ट ब्लेअरला रीतसर परवानगी काढून हॅम स्टेशन चालवत होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि लोकांचे निरोप त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचले. मला त्यात नेहमी वाटतं ते हे, की त्या दिवशी 'कोण आहे चॅनलवर?' असं कोणी विचारलं असतं तर त्यांच्याकडे सांगायला कॉलसाइन होतं.

आता माझ्या पहिल्या स्पर्धेचं. सीक्यू वर्ल्डवाइड, म्हणजे जगभरच्या हॅमनी एकमेकांना हवेत गाठून गुण मिळवायचे, ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. समोरच्याला सांगायचं एवढंच, '59, 22'. 59 म्हणजे आवाज खणखणीत, 22 हा स्पर्धेच्या नकाशातला भारताचा झोन. किड्यासारखा आवाज असला तरी सगळे 59 च देतात, हा या खेळातला सर्वमान्य खोटेपणा. दुसऱ्या खंडातला माणूस मिळाला की 3 गुण, आशियातलाच दुसरा देश असेल तर 1, आपल्याच देशातल्याला शून्य.

आणि त्याच वर्षी धुऱ्यापलीकडच्या काकांनी रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन बसवली होती. दर सेकंदाला हेडफोनमध्ये टक्. टक्. टक्. त्यात सात वॅटवाल्याला काय ऐकू येणार! रात्री काकांकडे गेलो, म्हटलं दोन रात्री मशीन बंद ठेवा. ते म्हणाले, 'अन् डुकरं? हरभरा आत्ताच पेरला.' शेवटी मी म्हणालो, जागल मी करतो.

मग काय, त्यांच्या मचाणावर ट्रॅक्टरची बॅटरी, सेट, वही, कंदील. अँटेनाची केबल बांबूला बांधून तिचे दोन्ही हात उलट्या व्हीसारखे दोन्हीकडे उतरवले. दव पडून वही ओली. रात्री दोनच्या सुमारास एक इटलीवाला लागला. माझं 'व्हिक्टर युनिफॉर्म थ्री', म्हणजे व्हीयू3, त्याला कळत होतं, पुढची अक्षरं पोचत नव्हती. मी पाच वेळा ओरडलो. त्याच्यामागे माझ्याहून मोठे आवाज रांगेत होते, तरी त्यानं सगळ्यांना थांबवून धरलं, आणि अक्षरं पूर्ण घेऊन म्हणाला, '59, 15.' मचाणावर एकटाच उड्या मारत होतो. दोन रात्रींत तेवीस संपर्क. काका सकाळी म्हणाले, 'रातभर वरडून तेवीस लोकं? बाजारात घंटाभरात भेटतात.' मग वावरात एक चक्कर मारून आले. 'पण डुक्कर एक नाही आलं, तुह्या वरडण्यानं.'

तेव्हापासून दरवर्षी त्या दोन रात्री मशीन बंद असते.

या ऑक्टोबरला तू ये. तो सेट मैत्रिणीला परत देऊन ये. हेडफोनची जाडी पिन इथे मिळत नाही, दोन घेऊन ये, आणि जाड स्वेटर विसरू नकोस. माइक तुला मिळणार नाही, ते आधीच सांगतो. तू लॉग, म्हणजे संपर्कांची वही, लिही. माझं अक्षर दवात मलाच वाचता येत नाही. काकांना सांगून ठेवलंय की यंदा जागलीला दोघं आहोत.

तुझे
बाबा

ता. क. तुरीत लपून बसलो होतो ते आईला मी स्वतःच सांगेन.