विमा घेताना रुग्णालयांची यादी पाहा

महोदय,

केवळ आरोग्यविम्याचा व्यवसाय करणारी देशातील पहिली कंपनी, स्टार हेल्थ, २००६ मध्ये चेन्नईत सुरू झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. आता अशा कंपन्यांचे विमा प्रतिनिधी निपाणी, खानापूरच्या गावांतही फिरतात; मात्र हप्त्याबद्दल भरभरून बोलणारे हे लोक विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांच्या खर्चाची भरपाई मिळण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, हे क्वचितच सांगतात. सीमाभागातील रुग्ण बेळगावइतकाच मिरज, कोल्हापूरलाही जात असल्याने, तिन्ही ठिकाणची कोणती रुग्णालये रोकडरहित (कॅशलेस, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या) सुविधेत आहेत, याची ताजी यादी प्रतिनिधींनी विमा उतरवण्यापूर्वीच लेखी द्यावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडरहित उपचारांच्या विनंतीवर तासाभरात निर्णय अपेक्षित आहे, पण रुग्णालयच यादीत नसेल तर त्याचा काय उपयोग?

– एक वाचक, खानापूर