अभ्यासिकेतल्या दादाला, त्या ८ साठी

दादा,

नाव लिहीत नाही, लिहिलं तर फोन करून शिव्या घालशील. परवा अॅडमिशनचे कागद जमा करून बाहेर पडलो, आईला फोन केला, मग तुझा नंबर काढला आणि काय बोलावं तेच सुचेना, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय.

नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला लातूरला आलो तेव्हा बाबांनी सोयाबीनचे पैसे उचलून क्लासची फी एकदाच भरली होती. पहिल्याच मोठ्या टेस्टला केमिस्ट्रीत १८० पैकी ३८. झालं, शेवटच्या बॅचमध्ये रवानगी. त्या बॅचला पंखा नीट नव्हता तर डाउट कोण सोडवणार, विचारायला गेलं की एकच उत्तर, आन्सर की बघ. आन्सर कीमध्ये काय असतं, तर प्रश्न नंबर आणि पुढं ३. का ३, ते ज्याचं त्यानं बघायचं. एक सर तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्यानं होणार नाही, बाकीच्यांचा वेळ खाऊ नको. फी मात्र माझी आणि टॉपर बॅचची सेमच होती बरं का.

मग तुमच्या अभ्यासिकेत आलो. तू तेव्हा दुसऱ्यांदा रिपीट करत होतास. रात्री १० नंतर गच्चीवर आपण पाच जण, एकानं प्रश्न वाचायचा आणि सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची, ऑप्शन १ ला एक, ४ ला चार. नुसतं बरोबर ऑप्शन सांगून तू कधीच सोडलं नाहीस, उरलेले तीन का चूक ते पण सांगायला लावायचास. आधी लई राग यायचा, ४५ प्रश्नांचा सेट संपायला दोन रात्री लागायच्या. पण फर्स्ट ऑर्डरची, म्हणजे ठरावीक वेळात (हाफ लाइफ) उरलेलं निम्मं संपवणारी रिअॅक्शन ९९.९ टक्के व्हायला किती हाफ लाइफ लागतात हे तू जसं दाखवलंस तसं कुणी दाखवलं नाही, एकेक बोट मिटायचं आणि दर बोटाला उरलेलं निम्मं करायचं, दहा बोटं मिटली की १०२४ तला एक भाग उरतो, म्हणजे जवळपास हजारातला एक. परीक्षेत मी खरंच टेबलाखाली बोटं मिटत होतो.

आता तो प्रश्न. टेन रेज टू मायनस एट मोलार एचसीएलचा, म्हणजे अगदी पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा पीएच किती. (पीएच ७ च्या खाली असला की अॅसिड, वर गेला की बेस.) ऑप्शन ८, ७, ६.९८ आणि ६. मी सगळ्यात आधी, एकदम कॉन्फिडन्सनं एक बोट वर केलं, ८. बाकीचे तिघं जे हसायला लागले, अरे अॅसिडचा पीएच ८, पाणी ओत आणि बेस बनव म्हणे. माझे कान तापले. डोळ्यासमोर ते सरच आले, आणि खरं सांगतो, उद्यापासून गच्चीवर यायचं नाही हे मनात पक्कं झालं होतं.

तू हसला नाहीस. जरा पेन दे म्हणालास, वहीत काहीतरी खरडलंस आणि मग वही सगळ्यांकडं फिरवून म्हणालास, हसता काय, माझं पण आधी ८ च आलं होतं, हे बघा खोडलंय. हसणं बंद. मग मला म्हणालास, पाण्याचे स्वतःचे एच प्लस, म्हणजे ज्यांच्यावरून पीएच निघतो ते आयन, टेन रेज टू मायनस सेव्हन असतात, तुझ्या अॅसिडच्या दहापट, त्यांना कसा विसरलास? दोन्ही धरले की ७ च्या जरा खाली येतं, ६.९८.

परीक्षेनंतर तू ती वही मला देऊन टाकलीस. परवा चाळत बसलो होतो तर ते पान निघालं. सगळं पान निळ्या पेननं, ६.९८ सरळ काढलेलं, कुठं खाडाखोड नाही. आणि वर कोपऱ्यात हिरव्या पेननं ८ आणि त्यावर काट.

हिरवा पेन माझा होता दादा. त्याच मिनिटाला तू मागून घेतलेला.

मी बराच वेळ तसाच बसलो. हुशार पोरं लातुरात पैशाला पासरी आहेत, पण दुसऱ्याचं हसं होऊ नये म्हणून स्वतःच्या स्वच्छ वहीत चूक घुसडणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही, आणि मोठमोठे बोर्ड लावून बसलेल्यांत तर नाहीच नाही.

मला बीएएमएस मिळालं, तुझा नंबर या वर्षी पण लागला नाही. तरी यादी लागल्यावर पहिला फोन तुझाच आला, आणि मी वेड्यासारखा नुसतं हो हो करत राहिलो, थँक्यू म्हणायचं पण राहिलं. ते आज म्हणतोय.

वही माझ्याकडं नीट आहे, बीएस्सीला लागली तर सांग, आणून देतो. पेन काही तू परत दिला नाहीस, तो राहू दे तुझ्याकडंच.