वेसीताई, तळहातावरच्या त्या नंबराबद्दल

वेसीताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. दुकानाच्या जाळीबाहेर उभी राहिलेली माणसं तुम्हाला 'वेसी' म्हणून हाक मारतात आणि तुम्हीही गिऱ्हाइकाला 'वेसी'च म्हणता. वेसी म्हणजे शेजारी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मला ऐकू आलं ते 'वेशी'. आमच्या मावळात गावाला वेस असते. वेशीच्या आतला तो आपला. बोगोतासारख्या शहरात, पावसात भिजलेल्या, एक वाक्य धड बोलता न येणाऱ्या माणसाला कुणीतरी वेशीतला म्हणतंय, असं मला वाटलं. अर्थ चुकला, पण फार नाही चुकला.

पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. मुलगी म्हणाली, फोनला सांगा, तो स्पॅनिश करून देईल. पण फोनवर माझा आता तेवढा भरवसा राहिला नाही, आणि का नाही ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय हे आमच्याकडच्या चार लोकांनी वाचावं, अशीही इच्छा आहे. त्यातल्या काहींनी तर जरूर वाचावं.

मी गुलाबवाला. पवनेच्या खोऱ्यात माझं 45 गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. फुलांच्या निर्यातीत नेदरलँड्सच्या खालोखाल नंबर लागतो तो तुमच्या कोलंबियाचा. बोगोताचं पठार 2,600 मीटर उंच, विषुववृत्ताला खेटून, त्यामुळे वर्षभर बारा तासांचा दिवस. तिथल्या गुलाबाचा दांडा बघितला की आमच्यासारख्याला रात्री झोप लागत नाही. दर दोन वर्षांनी तिथे प्रोफ्लोरा नावाचं फुलांचं प्रदर्शन भरतं, ते बघायला आम्ही काही शेतकरी एका एजंटामार्फत आलो होतो. निघताना भावकीनं विचारलं, "त्या एस्कोबारच्या देशात कशाला मरायला जातोस?" पाब्लो एस्कोबार 1993 सालीच मेला. आमच्या भावकीत तो अजून जिवंत आहे.

पहिल्याच दिवशी बसमध्ये वाटाड्यानं सूचना वाचून दाखवल्या. रस्त्यात फोन काढू नका. ट्रान्समिलेनिओच्या बसमध्ये सॅक पाठीला नको, पोटाशी धरा. रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवू नका, कधीकधी गाडीत आणखी दोघं चढतात आणि माणसाला एटीएम-एटीएम फिरवून पैसे काढायला लावतात. याला म्हणे 'लखपती सहल' म्हणतात. अनोळखी माणसाच्या हातचं काही पिऊ नका, त्यात बुरुंदांगा असू शकतं. ते स्कोपोलामाइन, आमच्या धोतऱ्यात असतं तेच विष. ते पोटात गेलेला माणूस शुद्धीत असल्यासारखा दिसतो आणि सांगेल ते करतो. आणि सगळ्यात शेवटी त्यांची ती म्हण: 'नो दार पपाया'. पपई देऊ नका. म्हणजे दुसऱ्याला आयती संधी देऊ नका. आम्ही हसलो. पपई म्हटल्यावर शेतकरी हसणारच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पपई दिली.

लुर्देसच्या चर्चकडून एकटाच हॉटेलवर निघालो होतो. सहालाच अंधार पडला होता. पाऊस सुरू झाला, वळण चुकलं असं वाटलं म्हणून कोपऱ्यावर थांबून फोन काढला. मागून मोटरसायकल आली ती फुटपाथला घासूनच. मागे बसलेल्यानं फोन असा उचलला, जसं आपण झाडावरून फळ उतरवतो. ओढाताण नाही, आवाज नाही. माझा हात तसाच कानाच्या उंचीला राहिला. फोनच्या कव्हरात कार्ड, पैसे सगळं. पासपोर्ट तेवढा हॉटेलच्या तिजोरीत होता. खिशात लाकडी ठोकळा लावलेली किल्ली, त्यावर नुसतं 302. हॉटेलचं नाव फोनमध्ये.

जवळच्या इमारतीत काचेच्या दाराआड रखवालदार बसला होता. मी काच वाजवली. त्यानं मान हलवली आणि दिव्याचं बटण दाबून बाहेरचा दिवा बंद केला. त्याला मी दोष देत नाही, त्यालाही सूचना असतील. छत्रीतल्या एका जोडप्यानं मला बघून रस्ता ओलांडला. समजू शकतो. चोपन्न वर्षांचा, भिजलेला, हातवारे करत परक्या भाषेत बोलणारा माणूस मलाही रात्री नको वाटला असता.

मग तुमचं दुकान दिसलं. अंडी, पाव, शाम्पूच्या पुड्या, लोखंडी जाळीमागे पिवळा दिवा. अंधार पडल्यावर तुम्ही जाळीतूनच माल देता, हे दिसत होतं. मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि काय बोललो ते मलाच आठवत नाही. बहुतेक मराठीतच बोललो. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून जाळीचं कुलूप उघडलंत, मला आत घेतलंत आणि पुन्हा कुलूप लावलंत. एवढ्या सगळ्या सूचनांच्या यादीत तुमच्यासाठीही एखादी असेलच ना, की रात्री अनोळखी पुरुषाला आत घेऊ नये म्हणून?

प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून तुम्ही कपातून वाफाळतं काहीतरी आणलंत. मी कप हातात धरला आणि थबकलो. बसमधली ती यादी डोक्यात होती. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्हाला राग आला नाही. तुम्ही माझ्याच कपातलं अर्धं स्वतःच्या कपात ओतून घेतलंत आणि माझ्यासमोर दोन घोट प्यालात. मग मी प्यालो. गुळाचं पाणी होतं, ताई! तुमच्याकडे त्याला आग्वापानेला म्हणतात. गूळ करण्यात जगात आमचा देश पहिला आणि तुमचा दुसरा, हे मी इथे आल्यावर वाचलं. आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात, मग नाव-गाव विचारतात. तुम्ही त्यात चीजचा तुकडाही टाकलात. तो प्रकार मला अजून पटलेला नाही, खरं सांगतो.

पत्ता शोधताना तुम्ही अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा फाडलात आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्यात. रेघा म्हणजे रस्ते: उभ्या त्या कारेरा, आडव्या त्या काय्ये. मला एकच आकडा आठवत होता, काय्ये 45, कारण माझं पॉलिहाऊस 45 गुंठ्यांचं. बाकी मी खुणांनी सांगितलं: विटांचं घर, समोर बाग, दाराशी हिरवा दिवा. तुम्ही कुणाला तरी फोन केलात, मग आणखी कुणाला तरी. पंधरा मिनिटांत पुठ्ठ्यावर एका चौकटीत फुली पडली. फुलीचा पत्ता सांगून टॅक्सीही तुम्हीच फोनवरून बोलावलीत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

टॅक्सी आली. पिवळी, दारावर मोठ्या अक्षरांत नंबर, तीन अक्षरं, तीन आकडे. माझ्या हातात वीस हजार पेसोंची नोट कोंबून तुम्ही माझ्यासोबत पावसात बाहेर आलात. कागद नव्हता. कानामागचं बॉलपेन काढलंत, डावा तळहात गाडीच्या हेडलाइटसमोर धरलात आणि त्यावर तो नंबर लिहिलात. सावकाश, एकेक अक्षर ड्रायव्हरला दिसेल असं. ओल्या हातावर पेन उमटेना. तुम्ही तळहात अॅप्रनला पुसलात आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलंत. मग तो तळहात काचेला लावून ड्रायव्हरला काहीतरी म्हणालात. तो हसला, "त्रांकीला, वेसी." म्हणजे निश्चिंत राहा. त्याला अपमान वाटला नाही. त्यालाही बहुतेक ठाऊक होतं की हे त्याच्याविरुद्ध नाही, माझ्या बाजूचं आहे.

मला वाटलं, झालं. पण हॉटेलच्या दाराशी त्यानं गाडी थांबवली, स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे तुम्ही. "येगो?" एवढंच विचारलंत. पोचलात का? मला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. आमच्याकडेही रात्री उशिरा एसटीतून उतरलेल्या माणसाला घरून हाच एक शब्द विचारतात. मी "सी, सी" म्हणालो. आणि मग फोनमधून मला तुमच्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. खडखडखड, आणि शेवटी तो धप्प. म्हणजे तोवर तुम्ही दुकान उघडं ठेवून बसला होतात.

मी पायरीवर बसून रडलो. फोन गेला तेव्हा नव्हतो रडलो.

आता ज्यांना वाचायला सांगितलं ते लोक. आमच्या एजंटाच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर मी हॉटेलच्या फोनवरून तीनदा प्रयत्न केला. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी: "सर, सूचना आम्ही दिल्या होत्या." नाश्त्याला बसल्यावर गटातले एक जण म्हणाले, एवढा महागाचा फोन न्यायचाच कशाला. दुसऱ्यानं, पपई दिलीत तुम्ही. काउंटरवरच्या मुलानंही हसत तेच सांगितलं आणि वर म्हणीचा दुसरा भागही ऐकवला: ठेवलेली पपई कापलीच जाते. चूक माझीच होती, मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. चोर मोटरसायकलवरून गेला आणि त्याच्या वाटणीचं बोलणं मी दिवसभर ऐकलं. तुम्ही एकट्या अशा, ज्यांनी मला का, कशाला, कोपऱ्यावर उभं राहायचं काय नडलं होतं, यातलं काहीही विचारलं नाही. तुमच्या भाषेत विचारलं असतं तरी मला कळलं नसतं, ती गोष्ट वेगळी. पण चेहऱ्यावरून कळलंच असतं.

पोलीस, तक्रार, विमा हे सगळं झालं. ते सांगत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, मी पैसे परत द्यायला आलो. प्रदर्शन उठताना स्टॉलवाले फुलं वाटून टाकतात, त्यातले दोन डझन फ्रीडम जातीचे लाल गुलाब माझ्या हातात. तुमच्या तळहातावर निळी शाई पुसट दिसत होती, शेवटचे दोन आकडे तर वाचता येत होते. वीस हजार तुम्ही घेतलेत, मोजून गल्ल्यात टाकलेत. हे मला फार आवडलं. नको नको म्हणून ढकलाढकली केली असतीत तर मी याचक झालो असतो. तुम्ही मला देणेकरी ठेवलंत आणि मग मोकळं केलंत. फुलं घेताना मात्र दांड्यावरून हात फिरवून काहीतरी म्हणालात. शेजारच्या मुलानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तुमची आई आयुष्यभर फुलांच्या शेडमध्ये काटे काढायला होती. मग तुमच्या बोटांना ती सवय कुठून आली ते कळलं.

त्याच दिवशी तुम्ही मला दुकानाच्या पायरीवर उभं करून शहर शिकवलंत. डोंगर नेहमी पूर्वेला. डोंगराकडे तोंड केलं की उत्तर डावीकडे. मोन्सेराते डोंगरावरचं पांढरं चर्च दिसलं की दिशा कळली. कारेराचे आकडे डोंगरापासून लांब जाताना वाढतात, काय्येचे उत्तरेकडे. फोन बघायचाच तर कुठल्याही दुकानात शिरायचं, पाव मागायचा आणि आत बघायचा. काही झालंच तर 123. बसमधल्या त्या यादीत सगळं काय करू नका असं होतं. काय करायचं ते तुमच्या पायरीवर कळलं. निघताना पेरूच्या वडीची पानात बांधलेली पुडी हातात ठेवलीत. न्यापा, म्हणालात. आमच्याकडे भाजीवाली वरून कोथिंबिरीच्या चार काड्या देते, ते हेच.

ताई, एक कबुली. काही वर्षांपूर्वी लोणावळा स्टेशनवर एक गोरी बाई तिकीटखिडकीजवळ रडत होती. पर्स गेली होती बहुतेक. माझी लोकल लागली होती. मी लोकल पकडली. तिला कुणी गूळ-पाणी दिलं का, ते मला माहीत नाही. बोगोताहून परत येताना विमानात ती मला आठवली, तोवर एकदाही आठवली नव्हती.

परवा रात्री व्हॅलेंटाइनच्या मालाचं पॅकिंग चाललं होतं. काम उरकायला साडेअकरा वाजले. सात बायका टमटममध्ये बसल्या. टमटमवाला आमच्याच गावचा, लहानपणापासून ओळखतो त्याला. तरी मी खिशातलं पेन काढलं, तळहातावर गाडीचा नंबर लिहिला आणि त्याला दाखवला. बायका हसून हसून लोळल्या. तो म्हणाला, "दादा, डोकं फिरलं का तुमचं?" मी शेडचा दिवा चालू ठेवून बसलो. बारा वाजून दहा मिनिटांनी पोचल्याचा फोन आला.

घरी गेलो तर बायकोनं हात बघून विचारलं, "हा कुणाचा नंबर?"

तुमचा,
वेसी