वाडा द्यायचा आहे, घर सोडायचं नाही: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मी मूळची वाईची. गेली 22 वर्षं इंग्लंडात, बाथ शहराजवळ राहते. इथून गाडीने तासाभराच्या आत लेकॉक नावाचं एक लहानसं गाव लागतं. तिथल्या जुन्या मठाबद्दल आपल्याला लिहायला बसले आहे, कारण त्या मठाच्या ओवऱ्यांतून चालताना दर वेळी मला आमचा पाडला गेलेला वाडा आठवतो.

लेकॉकचा मठ 1232 सालचा. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने नवऱ्याच्या निधनानंतर तो नन्ससाठी उभारला. नवरा म्हणजे राजा जॉनचा सावत्र भाऊ. एला साधी बाई नव्हती. विल्टशर परगण्याचं शेरीफपद, म्हणजे तिथल्या राजाच्या मुख्य अधिकाऱ्याचं पद, तिने स्वतः सांभाळलं होतं. पुढे ती त्याच मठात नन झाली, मग मठाची प्रमुख झाली. मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाने प्रजेला दिलेली हक्कांची सनद. तिची 1225 सालची एक प्रत या मठात होती आणि मठ गेल्यावरही ती शेकडो वर्षं त्याच वास्तूत सांभाळली गेली.

मठ 300 वर्षं चालला. राजा आठव्या हेन्रीने देशातले सगळे मठ मोडीत काढले, त्यात 1539 साली लेकॉकचीही पाळी आली. विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने तो 783 पौंडांना विकत घेतला. त्याने चर्च पाडलं, पण बाकीच्या इमारतीला फारसा हात लावला नाही. ओवऱ्या, सभेची दगडी खोली, नन्सची शेकोटीची खोली हे खालचं सगळं तसंच ठेवून वरच्या मजल्यावर त्याने संसार थाटला आणि एका कोपऱ्याला अष्टकोनी बुरूज चढवला. हाच शॅरिंग्टन ब्रिस्टलच्या टांकसाळीत नाण्यांची अफरातफर करताना पकडला गेला होता. माणूस कसाही असो, घर बांधणाऱ्याची नजर त्याला होती. आजही खाली मठ आणि वर घर असं एकाच वास्तूत दिसतं. देवघर आणि माजघर एका छपराखाली असलेल्या वाड्यात वाढलेल्या मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

शॅरिंग्टनला मूल नव्हतं. वास्तू त्याच्या भावाकडे, मग पुतणीच्या लग्नातून टाल्बट घराण्याकडे गेली. अठराव्या शतकात एका टाल्बटने तिथे गॉथिक धाटणीचं दिवाणखाना-दालन बांधलं. ते देखणं आहे, पण माझे पाय तिथे रेंगाळत नाहीत. ते रेंगाळतात दक्षिणेकडच्या सज्जातल्या एका खिडकीपाशी.

ऑगस्ट 1835 मध्ये याच घराण्यातले, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेले विल्यम हेन्री फॉक्स टाल्बट यांनी या खिडकीचं प्रकाशचित्र कागदावर उतरवलं. टपालाच्या तिकिटाएवढं! खिडकीच्या काचा भिंगातून मोजल्या तर सुमारे 200 भरतात, अशी नोंद त्यांनी केली आहे. आज शिल्लक असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून फोटो छापतात ती उलट्या छायाप्रकाशाची प्रत, मानली जाते. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या धुरिणांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. कॅप्टन बिग्ज यांनी मुंबई सरकारसाठी विजापूर, बदामी, ऐहोळे टिपलं तेही कागदी निगेटिव्हवर. आपल्याकडच्या वास्तूंचे सुरुवातीचे फोटो ज्या वाटेने आले, त्या वाटेचं एक टोक या खिडकीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे, ती सांगते. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या अशा घराण्यांवर वारसाकराचा बोजा पडला. कौलं, गळती, कामाला माणसं नाहीत. हवेल्या धडाधड पडू लागल्या. तेव्हा 1937 साली तिथल्या संसदेने कायदा केला. त्यातून अशी सोय झाली की मालकाने घर आणि देखभालीपुरतं उत्पन्न नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला द्यायचं, कुटुंबाने तिथेच राहायचं आणि ठरलेल्या दिवशी लोकांसाठी दारं उघडायची. ट्रस्टने कायमची म्हणून जाहीर केलेली वास्तू संसदेच्या परवानगीशिवाय कुणाला सक्तीने घेताही येत नाही. फॉक्स टाल्बट यांच्या नात मटिल्डा यांनी 1944 साली मठ आणि त्याबरोबर जवळजवळ अख्खं गाव ट्रस्टला दिलं. मॅग्ना कार्टाची प्रत त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. देऊन झाल्यावरही घराण्यातली माणसं वर्षानुवर्षं तिथे राहिली. गावातली घरं आजही भाड्याने दिलेली आहेत. त्यांत माणसं राहतात, अंगणात कपडे वाळतात. मठाच्या ओवऱ्यांत सिनेमांची चित्रीकरणं होतात आणि फाटकाजवळच्या जुन्या धान्यकोठारात 1975 पासून फोटोग्राफीचं संग्रहालय आहे.

आमचा वाडा दोन चौकी होता. सागवानी खांब, मातीचं माळवद, भिंतीत धान्य साठवायचं बळद. अकरा सहहिस्सेदार, पण राहणारी एकटी काकू. ती एका सरकारी कार्यालयात गेली आणि म्हणाली, "वाडा घ्या, सगळ्यांच्या सह्या मी आणते. मागच्या दोन खोल्या तेवढ्या मी आहे तोवर माझ्याकडे असू द्या." अशी काही सोय नाही, असं उत्तर मिळालं. चार पावसाळ्यांनी पुढची भिंत बसली. मग बिल्डर आला.

साहेब, 1960 च्या आपल्या स्मारक कायद्यात मालकाने वास्तूचं पालकत्व शासनाकडे देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र वैभव योजनेत संस्थांना स्मारकं संगोपनाला देता येतात. पण राहत्या वाड्यात म्हातारी माणसं आहेत, त्यांना घर द्यायचं आहे आणि उंबरा सोडायचा नाही, त्यांच्यासाठी सरळ, लेखी, तालुक्याच्या ठिकाणी भरता येईल असा एकही अर्ज माझ्या काकूला मिळाला नाही. तो आपण तयार करून घ्यावा. त्यात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क असावा. सहहिस्सेदारांच्या संमतीची एकच पद्धत असावी. दुरुस्तीचा खर्च कोण किती करणार हे आधी लिहिलेलं असावं, आणि वाडा महिन्यातले काही दिवस लोकांना पाहता यावा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चित्रीकरणं होतात, लोक तो बघायला येतात. वाईच्या आसपास आणखीही वाडे उभे आहेत. त्यांतल्या तीन घरांतल्या माणसांशी मी गेल्या मे महिन्यात बोलले. तिघांनी एकच विचारलं: "द्यायचा कुणाला?"

येत्या डिसेंबरात मी वाईला येणार आहे. आपण वेळ दिलीत तर त्या तिघांना घेऊन मंत्रालयात येईन.

आपली,
एक वाईकर, सध्या मुक्काम बाथ