त्या वीस ओळींसाठी, मॅडम

आदरणीय मॅडम,

'सिन्स' आणि 'फॉर' शिकवून शिकवून मी टेकीला आले होते, तेव्हा तुम्ही मदतीला आलात. मी नियम फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो पाठ करायचा आणि बोलताना पुन्हा 'सिन्स टू इयर्स'च म्हणायचं! मुलांचं तरी काय चुकत होतं? मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे एकच 'पासून' चालतं. इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स' लागतो आणि मधला काळ सांगायला 'फॉर'. नियम शिकवताना हे मी कधी बोललेच नव्हते.

तुम्ही लॅपटॉपवर कॉर्पस उघडून दाखवलात. म्हणजे माणसांनी खरोखर लिहिलेल्या, बोललेल्या इंग्रजीचा साठा. एकट्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द. हवा तो शब्द टाकला की तो मधोमध एकाखाली एक उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना वाक्यांचे तुकडे दिसतात. बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स यांनी अशा ओळी थेट विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

मी तर दुसऱ्याच दिवशी सगळं मुलांपुढे उघडणार होते. "हजार ओळी बघून मुलं घाबरतील, वीसच निवड," म्हणालात, आणि निवडायला स्वतः शेजारी बसलात. 'फॉर'च्या ढिगातून फक्त काळाच्या ओळी वेचायला आपल्याला अख्खी संध्याकाळ लागली. तुमची ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

वर्गात एका मुलीने 'सिन्स ही वॉज टायर्ड'वर बोट ठेवलं. "यात काळ कुठंय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मागच्या बाकावरून तुम्ही हातानेच थांबवलंत. वर्ग गप्प. ती पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत राहिली आणि मग म्हणाली, "इथे 'सिन्स' म्हणजे 'कारण'!" तेवढ्यात तिच्या शेजारच्याला बाकीच्या ओळींत 'सिन्स'च्या डावीकडे 'हॅव' आणि 'हॅज' दिसायला लागले. हा 'हॅव'-'हॅज'वाला काळ, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, मी अजून शिकवलाही नव्हता.

चूक तांबडी करून दाखवणारी अ‍ॅप्स मी आधीही वापरली होती. त्यांनी वाक्य दुरुस्त व्हायचं, पण मुलांना प्रश्न पडत नसे.

ती वीस ओळींची फाइल अजून माझ्याकडे आहे. 'ही वॉज टायर्ड'ची ओळ तुमच्याकडून चुकून राहिली होती की तुम्ही मुद्दाम ठेवली होतीत, हे विचारायचं राहूनच गेलं. मी ती दर वर्षी मुद्दाम ठेवते.

तुमची मनापासून ऋणी,
तुमची सहकारी